जलस्नेही की जलविरोधी? डोळ्यातल्या कृत्रिम भिंगाचा ओलेपणा

(गागोदे बुद्रुक, ता. पेण येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात जे कृत्रिम भिंग बसवतात, त्याच्या अंगावर पाणी पसरतं की थेंब होऊन बसतं, हा आज आपला विषय आहे. आम्ही काही डोळ्यांचे डॉक्टर नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. मग या भानगडीत आम्ही का पडावं? कारणं दोन. एक तर आमच्या वयाच्या माणसांना हा विषय परका नाही. साठी-सत्तरीच्या पुढे घरटी एकाच्या तरी डोळ्यात हे भिंग असतंच. दुसरं असं की या विषयात शब्द एक सांगतो आणि वस्तू काही वेगळंच करते. तसं कुठे दिसलं की तत्त्वज्ञानाच्या माणसाला गप्प बसवत नाही.

शस्त्रक्रियेआधी नातेवाइकांपुढे एक कागद येतो. त्यावर दोन शब्द असतात: हायड्रोफिलिक आणि हायड्रोफोबिक. एक जलस्नेही, दुसरा जलविरोधी. त्यांच्यासमोर दोन किमती. दोन्ही शब्द न कळल्यामुळे बहुतेक जण किंमत बघून ठरवतात. कुणी महाग ते चांगलं म्हणून घेतो, कुणी परवडेल ते घेतो. या शब्दांच्या आत काय आहे ते आज आपण उलगडून बघू.

सुरुवात आपल्या परसातून करू. पावसाळ्यात अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब बघा. मोत्यासारखा गोल राहतो, पान हललं की घरंगळतो, मागे ओल सुद्धा ठेवत नाही. 'अळवावरचं पाणी' हा वाक्प्रचार आपण उगाच वापरत नाही. आता तोच थेंब स्वच्छ घासलेल्या काचेवर टाका. तो चपटा होऊन पसरतो. आणि नव्या मातीच्या माठावर टाका. तो पसरतो आणि आतही मुरतो. नीट बघा, इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. पाणी पृष्ठभागावर पसरतं का, हा एक. पाणी आत मुरतं का, हा दुसरा. काचेवर पाणी पसरतं, पण मुरत नाही. माठावर दोन्ही होतं. अळवावर दोन्ही नाही. हे दोन प्रश्न मनात वेगळे ठेवा, कारण भिंगांच्या बाबतीत सगळा घोटाळा ते एक केल्यामुळे होतो.

पसरण्याचं माप घ्यायची रीत आहे. थेंबाची कड जिथे पृष्ठभागाला टेकते तिथे पाण्याच्या बाजूने जो कोन होतो, त्याला स्पर्शकोन म्हणतात. पाणी पूर्ण पसरलं तर कोन शून्याजवळ. थेंब अर्ध्या चेंडूसारखा बसला तर ९० अंश. कमळाच्या किंवा अळवाच्या पानावर तो १५० अंशांच्या पुढे जातो. पानावर मेणाचा थर असतो आणि त्या मेणाला डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात. थेंब त्या टोकांवर तरंगल्यासारखा राहतो. पान बोटांनी चोळलं की मेण आणि उंचवटे जातात आणि पाणी चिकटायला लागतं. घरी जाऊन करून बघा.

या कोनाचा विचार पहिल्यांदा नीट मांडला थॉमस यंग या इंग्रज वैद्याने, १८०५ साली. त्याने सांगितलं की कोन ठरतो तो तिघांच्या ओढाताणीतून: पाणी आणि हवा, पाणी आणि पृष्ठभाग, पृष्ठभाग आणि हवा. गंमत अशी की जवळचं-दूरचं बघताना आपल्या डोळ्यातलं भिंगच आकार बदलतं, हे दाखवणाराही हाच यंग. डोळ्याचं भिंग आणि थेंबाचा कोन, दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर होते. ते दोन विषय डोळ्यातच एकत्र यायला पुढे जवळजवळ दीडशे वर्षं जावी लागली.

यंगचं म्हणणं तात्त्विक अंगाने महत्त्वाचं आहे. 'हा पृष्ठभाग पाण्याला धरतो' असं आपण म्हणतो तेव्हा तो गुण पृष्ठभागाचा एकट्याचा आहे असं वाटतं. तो एकट्याचा नाही. आपल्याकडे वैशेषिकांनी २४ गुण मोजले. त्यांत 'स्नेह' हा गुण फक्त पाण्याचा मानला. पिठाचा गोळा होतो तो या स्नेहामुळे, असं ते म्हणत. पण 'संयोग' हा गुण त्यांनी वेगळा ठेवला, कारण तो एका वस्तूत राहत नाही, दोघांत मिळून राहतो. ओलेपणा हा या संयोगाच्या जातीचा आहे. वस्तू बदला, द्रव बदला किंवा भोवतालचं माध्यम बदला, ओलेपणा बदलतो. जलस्नेही हे नाव देताना आपण हे विसरतो.

आता भिंगाकडे येऊ. मोतीबिंदूवर इलाज करण्याची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत सुईसारख्या शस्त्राने गढूळ भिंग दृष्टीच्या वाटेतून बाजूला सारण्याचं वर्णन आहे. युरोपात अठराव्या शतकाच्या मध्यावर जॅक दाव्हिएल या फ्रेंच शस्त्रवैद्याने भिंग डोळ्याबाहेरच काढायला सुरुवात केली. पण भिंग काढलं की त्या जागी काहीच नसायचं. म्हणून आपल्या लहानपणी म्हाताऱ्या माणसांच्या नाकावर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखे जाड चष्मे असत. त्यांतून मधलं मोठं दिसे, कडेचं दिसतच नसे, आणि चष्मा हरवला की माणूस पुन्हा आंधळा.

दुसऱ्या महायुद्धात लंडनचे नेत्रशल्यक हॅरल्ड रिडली यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. लढाऊ विमानाचं छत फुटून गॉर्डन क्लीव्हर या वैमानिकाच्या डोळ्यांत प्लॅस्टिकचे तुकडे शिरले होते. क्लीव्हर हरिकेन विमान चालवत होता, जरी गोष्टीत बहुतेक वेळा स्पिटफायरचं नाव येतं. ते तुकडे डोळ्यात राहिले, पण डोळा त्यांच्यावर खवळला नाही. मग या प्लॅस्टिकचं भिंग का करू नये? २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमस रुग्णालयात रिडली यांनी ते करून पाहिलं. पदार्थाचं नाव पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट, थोडक्यात पीएमएमए. बाजारातलं नाव पर्स्पेक्स. अनेक वर्षं बड्या डॉक्टरांनी त्यांना वेड्यात काढलं. पुढे उतारवयात रिडली यांना स्वतःला मोतीबिंदू झाले, आणि त्यांच्याच कल्पनेतलं भिंग त्यांच्या डोळ्यांत बसलं.

रिडली यांचा आदर्श साधा होता. पदार्थ असा हवा की शरीराने त्याची दखलच घेऊ नये. अळवाच्या पानासारखा अलिप्त. पुढची पन्नास वर्षं संशोधन या आदर्शाभोवतीच फिरलं, आणि त्याच वाटेवर तो आदर्श अपुरा आहे हेही कळत गेलं.

पहिला धक्का १९७०च्या दशकात बसला. आपल्या बुबुळावरच्या पारदर्शक पटलाला, म्हणजे कॉर्नियाला, आतून पेशींचा एकच पातळ थर असतो. त्या पेशी पुन्हा नव्याने भरून येत नाहीत. प्रयोगात दिसलं की पीएमएमएचं भिंग आत सरकवताना त्या थराला नुसतं टेकलं, तरी पेशी प्लॅस्टिकला चिकटून उपटून येतात. ज्या पदार्थाला डोळा मुकाट सहन करतो, तोच पदार्थ क्षणभराच्या स्पर्शात इजा करतो. उपाय म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्यात जेलीसारखा घट्ट द्रव भरायला लागले. भिंग त्या जेलीत न्हाऊन आत जातं. आपल्याकडे त्यासाठी स्वस्तातलं मिथाइल सेल्युलोजही वापरतात.

पीएमएमए कडक असतं. ते बसवायला साधारण सहा मिलिमीटरची वाट लागते. म्हणून घडी घालता येईल असे मऊ पदार्थ आले: सिलिकॉन, मग दोन प्रकारचे ॲक्रिलिक. हे घडी होऊन तीन मिलिमीटरहून लहान छेदातून आत जातात आणि आत उलगडतात. जलस्नेही आणि जलविरोधी ही नावं आली ती या दोन ॲक्रिलिकांसाठी.

आता स्पर्शकोन बघा. सिलिकॉनचा कोन १०० अंशांच्या आसपास किंवा थोडा वर. पाणी त्यावर थेंब धरून बसतं. पीएमएमएचा साधारण ७० अंश. आणि ज्याला आपण जलविरोधी ॲक्रिलिक म्हणतो त्याचा? तोही सत्तरच्या थोडा वर. म्हणजे पुस्तकी व्याख्येप्रमाणे ९० अंशांच्या खाली असल्यामुळे त्याला जलविरोधी म्हणताच येणार नाही! मग नाव कुठून आलं? ते दुसऱ्या प्रश्नावरून आलं, पाणी मुरण्याच्या. पूर्वीपासून चालत आलेल्या जलविरोधी भिंगात पाणी एक टक्क्याहूनही कमी असतं. जलस्नेही भिंग पाणी पिऊन बसलेलं असतं. त्याच्या वजनातला अठरा ते अडतीस टक्के भाग पाणी असू शकतो. कागदावरचे ते दोन शब्द माठ आणि काच यांतला फरक सांगतात. आणि ऐकणारा समजतो की ते काच आणि अळू यांतला फरक सांगतात.

शिवाय आणखी एक गोष्ट. प्रयोगशाळेत कोरड्या भिंगावर थेंब टाकून कोन मोजतात. डोळ्यात थेंब कुठे असतो? डोळ्यात पूर असतो. भिंग कायम नेत्रजलात बुडालेलं असतं, तिथे हवा नाहीच. म्हणून काही शास्त्रज्ञ उलटं मोजतात: भिंग पाण्यात बुडवायचं आणि खालून हवेचा बुडबुडा टेकवायचा. आकडा वेगळा येतो. यंगच्या तिघांपैकी एक जण बदलला की निकाल बदलणारच.

मग पाण्यात बुडालेल्या भिंगाला ओलेपणाचं काय? तिथे प्रश्न असा होतो: पाण्याला बाजूला सारून या पृष्ठभागावर दुसरं कोण येऊन बसतं? आधी येतात रक्तातली आणि नेत्रजलातली प्रथिनं. मग त्यांच्या आधाराने पेशी येतात. पृष्ठभागाने पाणी घट्ट धरलं असेल तर प्रथिनांना जागा मिळत नाही. म्हणूनच पीएमएमएवर हेपॅरिनचा लेप देऊन ते अधिक ओलं करण्याचा प्रयत्न झाला, विशेषतः ज्यांच्या डोळ्यात आधीपासून दाह असतो त्यांच्यासाठी. अशा भिंगावर दाहाच्या पेशी कमी जमतात.

इथवर जलस्नेही जिंकतोय असं वाटेल. पण मोतीबिंदू काढताना नैसर्गिक भिंगाची पातळ पिशवी मागे ठेवतात, आणि त्या पिशवीतच नवं भिंग बसवतात. पिशवीच्या कडेला जुन्या भिंगाच्या थोड्या पेशी उरतातच. त्या पुढच्या काही महिन्यांत, वर्षांत सरपटत भिंगामागे येतात आणि मागचा पडदा धुरकट करतात. रुग्ण म्हणतो, मोतीबिंदू परत आला. मोतीबिंदू परत येत नाही. भिंग एकदा काढलं की ते काढलंच. हे पिशवीचं धुरकटणं आहे. याग लेसरने काही मिनिटांत, चिरफाड न करता, त्या पडद्याला मधोमध खिडकी पाडता येते.

आता इथे चिकटण्याचं महत्त्व उलटतं. भिंग मागच्या पडद्याला घट्ट चिकटलं तर सरपटणाऱ्या पेशींना मधे शिरायला फट राहत नाही. फिनलंडचे रेइयो लिनोला यांनी १९९७च्या सुमारास अशी कल्पना मांडली की जलविरोधी ॲक्रिलिकवर फायब्रोनेक्टिन नावाचं प्रथिन चांगलं बसतं, आणि त्या प्रथिनाच्या गोंदाने भिंग, पेशींचा एकच थर आणि पडदा असे तिघे एकमेकांना धरून बसतात. भाकरीच्या दोन पापुद्र्यांत बसलेल्या तुपासारखा तो एकच थर; त्यावर दुसरा थर रचला जात नाही. जलस्नेही भिंग पाणी धरून बसतं, म्हणून पडद्याला तसं चिकटत नाही, आणि पेशींना वाट सापडते. अलिप्त राहणं हा इथे दोष ठरतो.

पण थांबा. जलविरोधी ॲक्रिलिकचंही पीएमएमएसारखंच माप, सत्तरच्या आसपास. मग त्यांचं वागणं इतकं वेगळं का? म्हणजे स्पर्शकोन एकटा सगळं सांगत नाही. दुसरं काहीतरी कारण असणार. आपले नैयायिक कारण शोधताना अन्वय आणि व्यतिरेक वापरत: जिथे ते आहे तिथे कार्य आहे का, आणि तेवढंच काढून घेतलं तर कार्य नाहीसं होतं का? जपानच्या ओकिहिरो निशी यांनी हेच केलं. गाजलेल्या जलविरोधी भिंगाची कड चौकोनी, धारदार होती. ती कड मुद्दाम आखलेली नव्हती, बनवण्याच्या पद्धतीतून तशी आली होती. निशी यांनी त्याच पदार्थाच्या भिंगांची कड गोल करून ती सशांच्या डोळ्यांत बसवली. पडदा धुरकटण्यापासून मिळणारं संरक्षण बरंचसं गेलं. पदार्थ तोच, कड तेवढी काढून घेतली. व्यतिरेकाचं याहून स्वच्छ उदाहरण वर्गात आम्हाला सापडलं नसतं. चौकोनी कड पडद्याला ताणून धरते आणि पेशींसमोर बांधासारखी उभी राहते. म्हणजे श्रेय कडेचं आणि चिकटण्याचं मिळून आहे. आज बहुतेक सगळ्या पदार्थांची भिंगं चौकोनी कडेची करतात. फक्त जलस्नेही भिंग कोरडं असताना कातून मग पाण्यात फुगवतात, आणि फुगताना कोपरा थोडा बोथट होतो.

सिलिकॉनचं काय झालं, तेही सांगतो, कारण त्यात ओलेपणाचा परिणाम डोळ्यांनी दिसतो. गरम चहाच्या वाफेने चष्म्यावर धुकं येतं ना? पाणी पारदर्शक असतं, तरी दिसत नाही, कारण ते थेंबाथेंबाने बसलेलं असतं. तेच पाणी सपाट पसरलं असतं तर आरपार दिसलं असतं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर शस्त्रक्रिया करताना डोळ्यात काही वेळ हवा भरतात. मागची पिशवी लेसरने आधीच उघडलेली असेल तर सिलिकॉनच्या भिंगावर असंच धुकं जमतं आणि शस्त्रवैद्याला आतलं दिसेनासं होतं. आणि दृष्टिपटल सुटलं म्हणून डोळ्यात सिलिकॉनचं तेल भरायची वेळ आली, तर ते तेल सिलिकॉनच्या भिंगाला असं चिकटतं की नंतर पूर्ण काढणं अवघड होतं. पाणी नाकारणारा पृष्ठभाग तेलाला जवळ करतो. तेल सगळ्यांत कमी चिकटतं ते जलस्नेही भिंगाला. ज्यांना जुना मधुमेह आहे आणि पुढे दृष्टिपटलाची शस्त्रक्रिया लागू शकते, त्यांच्यासाठी ही माहिती अगदी कामाची आहे.

जलस्नेहीचेही उणेपण प्रामाणिकपणे सांगायला हवं. पाणी आत घेणारा पदार्थ क्षारही आत घेऊ शकतो. क्वचित काही जलस्नेही भिंगांत कॅल्शियमचे कण जमून भिंगच दुधाळ होतं. तिथे लेसरचा उपयोग नाही, भिंग बदलावं लागतं. जलविरोधीमध्येही पाण्याचे सूक्ष्म कण चमचमताना दिसतात. त्याने दृष्टीला सहसा फार फरक पडत नाही. कुठलंच भिंग सर्वगुणसंपन्न नाही.

मग आपल्या भागातल्या माणसाने काय करावं? आपल्या देशात १९७६ साली अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९९२ साली मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या पुढाकाराने ऑरोलॅब उभी राहिली आणि आयात भिंगाच्या किमतीच्या लहानशा अंशात देशी भिंग मिळू लागलं. महाराष्ट्रात डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातून आणि गावोगावच्या शिबिरांतून एक लाखाहून अधिक मोतीबिंदू शस्त्रक्रिया केल्या. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गरिबाच्या डोळ्यात भिंग पोचलं ते अशा कामांमुळे. शिबिरात पीएमएमएचं कडक भिंग बसलं तरी कमीपणा मानू नये. ते टिकाऊ आहे, त्याचा अनुभव सर्वांत जुना आहे.

पण एक प्रश्न उरतो, आणि आमच्या मते तो आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे. भिंगाची तुलना करताना 'पुढे लेसर करता येतो' हे वाक्य फार सहज येतं. शहरातल्या माणसाला ते खरंच सहज आहे. डोंगराकडच्या वाडीवरच्या आजीला ते सहज नाही. तिला एसटी, सोबत येणारा माणूस, त्याची बुडालेली मजुरी, सगळं जमवावं लागतं. दोन वर्षांनी दिसायला धूसर झालं की ती म्हणते, 'वय झालं, आता असंच असायचं,' आणि अंगणात बसून राहते. काही मिनिटांच्या उपचारावाचून पुन्हा अंधार. म्हणजे जो पुन्हा येऊ शकत नाही त्यालाच न धुरकटणारं भिंग सगळ्यांत जास्त गरजेचं आहे, आणि बहुधा त्यालाच ते परवडत नाही. पृष्ठभागाचं शास्त्र इथे न्यायाच्या प्रश्नाला येऊन भिडतं.

या गावात, ११ सप्टेंबर १८९५ रोजी, विनोबा जन्मले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. गीतेच्या पाचव्या अध्यायात पाण्यात राहून न भिजणाऱ्या कमळाच्या पानाचा दृष्टान्त येतो. आपण बऱ्याचदा त्याचा अर्थ 'कशालाच चिकटू नये' असा सोपा करतो. पण तो दृष्टान्त कर्म करणाऱ्या माणसाचा आहे, कर्मातून पळणाऱ्याचा नाही. कमळाचं पान पाण्यातच असतं, देठाने चिखलाला धरून असतं. डोळ्यातलं चांगलं भिंगही तसंच असतं: पुढच्या अंगाने दाहाच्या पेशींना थारा देत नाही, मागच्या अंगाने पडद्याला धरून राहतं. कुणाला धरायचं आणि कुणाला नाही, हा विवेक म्हणजे अलिप्तता.

तेव्हा पुढच्या वेळी तो कागद समोर आला तर तीन गोष्टी विचारा. भिंगाची कड चौकोनी आहे का? आम्हाला मधुमेह आहे किंवा डोळ्यात दाह होऊन गेला आहे, तर आमच्यासाठी कोणता पदार्थ बरा? आणि पुढे धूसर दिसू लागलं तर लेसर कुठे, किती दिवसांत आणि किती खर्चात होईल? डॉक्टरांना असे प्रश्न आवडतात, विचारायला संकोचू नका. आणि घरात कुणी शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन वर्षांनी 'दिसत नाही' म्हणालं, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. एकदा दाखवून आणा.